गोधडीतली दुर्बीण

आमच्या घरमालकांइतका वर बघून रागावणारा माणूस माझ्या पाहण्यात दुसरा नाही. माणसं शेजाऱ्यावर रागावतात, सरकारवर रागावतात, जावयावर मनातल्या मनात रागावतात. आबांचा राग असा जमिनीवर मावणारा नव्हता. तो सरळ आभाळात जायचा. चंद्रावर त्यांचा राग, ढगांवर राग, कारखान्यांच्या धुराड्यांवर राग, पंचांग बघणाऱ्यांवर राग, आणि विजेच्या दिव्यांवर तर असा दात, की ज्याने जगातला पहिला बल्ब पेटवला तो भेटता तर आबांनी त्याला आपल्या घराच्या स्लॅबवर नेऊन, हात चौफेर फिरवून विचारलं असतं, "हे काय करून ठिवलंस बाबा? आता आमी बघायचं काय?" या माणसाच्या घरात मी बरीच वर्षं काढली. त्या वर्षांत माझी किती झोप त्यांनी खाल्ली याचा हिशोब मी ठेवलेला नाही. ठेवला असता तर आज त्यांच्याविषयी लिहायला बसलो नसतो.

मी मूळचा परभणीकडचा. सातवीत शाळा सुटली. मी सोडली असं म्हणवत नाही. विहिरीवर हातातला दोर सुटतो तशी ती सुटली. गावाकडचा एकजण चिंचवडला कंपनीत होता, त्याच्या भरवशावर गाडीत बसलो, आणि मी येऊन पोचलो तर तोच नोकरी सोडून गावाकडे निघून गेलेला. तरी नशीब, एका फौंड्रीत टेम्पररी म्हणून चिकटलो. काम मिळालं पण खोली मिळेना. तीन घरांत मला आडनाव विचारलं, आणि आडनाव कानावर पडताच तिन्ही घरांना आठवलं की खोली कालच दुसऱ्याला कबूल केलेली आहे. चौथं दार आबांचं. गावठाणाच्या अगदी टोकाला, जिथून पुढे औद्योगिक वसाहतीची तारेची कुंपणं सुरू व्हायची तिथे. उंच, वाळका माणूस, डोक्याला मुंडासं, अंगात बंडी, आणि गळ्यात सुतळीला बांधलेलं एक भिंग. मी आडनाव जिभेवर आणून तयार उभा. त्यांनी विचारलं, "रातीचा दिवा लागतो का तुला?"

मी म्हटलं, "मी तिसऱ्या शिफ्टला असतो."

"म्हंजे रातभर घरात न्हाईस?"

"नाही."

"मग ही घे किल्ली."

गाव विचारलं ते संध्याकाळी. आडनाव विचारलं ते मतदारयादीवाला दारात आला तेव्हा, म्हणजे पार दुसऱ्या वर्षी, आणि तेही त्याला सांगायचं म्हणून. मला मात्र त्यांनी कधी नावानेही हाक मारली नाही की आडनावानेही. मी 'परभणी' होतो. "ए परभणी, उठ, ढग गेलं." एवढ्या मोठ्या जिल्ह्याचा भार त्यांनी माझ्या एकट्याच्या डोक्यावर ठेवला होता. त्या किल्लीबद्दल मी आणखी काही लिहीत नाही. ज्यांना तीन दारं लागली आहेत त्यांना चौथं काय असतं ते सांगावं लागत नाही.

आबांची जमीन वसाहतीत गेली होती. तिचा मोबदला आला तेव्हा त्यांच्या भावकीत कुणी ट्रक घेतला, कुणी घरावर मजला चढवला, एकाने तर मुलीच्या लग्नात हत्ती आणला आणि तो हत्ती मांडवात शिरेना म्हणून मांडव मोडला. आबांनी खडकीच्या लष्करी लिलावातून दुर्बीण आणली. हातभर लांब, पितळेची, बैलाच्या पोटरीएवढी जाड. गावाने तिचं नाव 'नळकांडं' ठेवलं आणि 'शेत देऊन नळकांडं आणलं' ही म्हण चिंचवडपासून आकुर्डीपर्यंत चालू झाली. दुर्बिणीबरोबर स्टँड नव्हता. मग आबांनी घरातल्या शिलाई मशीनचं डोकं उतरवलं, ते फडक्यात बांधून फळीवर ठेवलं, आणि त्या लोखंडी स्टँडवर दुर्बीण बसवली. काकी, म्हणजे त्यांच्या मंडळी, तेव्हापासून सगळं हाताने शिवत. स्टँडचं पायडल तसंच राहिलं होतं. आबा एकदा का दुर्बिणीला डोळा लावून बसले की त्यांचा पाय आपोआप पायडलवर जायचा आणि कुर्र-कुर्र असा आवाज सुरू व्हायचा. खालच्या खोलीत झोपलेल्या माणसाला वाटावं, वरती कुणीतरी आभाळ शिवतंय.

दिव्यांशी त्यांची लढाई रोजची. आमच्या खोलीत बाज एक आणि भाडेकरू तीन, आळीपाळीने बदलणाऱ्या तीन शिफ्टचे. एक उठला की त्याच ऊबदार वाकळेत दुसरा शिरायचा. तिघांनाही नियम एकच, अंधार पडला की दिवा नाही. जेवण अंधारात, अंथरूण अंधारात. एकदा अंधारात आमच्यातल्या एकाने तंबाखूच्या ऐवजी दंतमंजन तोंडात टाकलं, तर आबा म्हणाले, "दात तरी निघालं चांगलं." घराच्या दक्षिणेला, कुंपणापलीकडे, एका कारखान्याने यार्डात मर्क्युरीचा मोठा दिवा लावला होता. तो नेमका आबांच्या स्लॅबवर तोंड करून. त्या दिव्याला आबा 'सवत' म्हणत. तिथला वॉचमन निघोज्याचा, सायकलवरून येणारा, आणि आबांच्या लांबच्या भावकीतला. दर अमावास्येला आबा कुंपणाशी जाऊन त्याला शिव्या देत आणि तो शांतपणे म्हणे, "आबा, दिवा कंपनीचा हाय, मी नुसता त्याच्याखाली बसतो."

चंद्राचं तर नाव काढायची सोय नव्हती. कोजागिरीला सगळं गाव दूध आटवून वर बघत बसायचं, तेव्हा हा एकटा माणूस सांजेलाच दार लावून भिंतीकडे तोंड करून झोपायचा. "एकटा उगवतो आन् हजारांना मारतो," असं त्यांचं चंद्राविषयीचं मत. काकी दूध घेऊन उशाशी उभ्या राहत. दूध ते घेत, चंद्राचं आहे म्हणून नाही, म्हशीचं आहे म्हणून.

आमच्या फौंड्रीच्या धुरावर त्यांचा वेगळा राग होता आणि त्याचा जाब ते मला विचारत, जणू भट्टी मी माझ्या हौसेने पेटवत होतो. "काल तुज्या कंपनीनं आख्खा विंचू झाकला," असं ते मला सकाळी सांगत. विंचू म्हणजे वृश्चिक रास. एकदा तर ते थेट मॅनेजरसाहेबांकडे तक्रार घेऊन गेले. कायम व्हायच्या आशेवर जगणारा माणूस मी. माझा घरमालक साहेबाच्या टेबलासमोर उभा राहून हातवारे करतोय हे काचेतून पाहिलं आणि माझ्या हातातला सळईचा गठ्ठा पायावर पडता पडता राहिला. साहेबांना वाटलं, धुराने पिकाचं नुकसान झालं म्हणून शेतकरी आलाय. त्यांनी सहानुभूतीने विचारलं, "कुठलं पीक गेलं, बाबा?" आबा म्हणाले, "पीक कुठलं? शेत तर तुमीच घेतलंया. आता आभाळ तरी ठिवा." साहेबांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. आबांनी चहा घेतला आणि चहावरही रागावले.

पण आबांचं खरं माणूस, म्हणजे ज्याच्यासाठी ते इतरांवर रागावत, तो होता हर्षल. पंचांगात त्याला हर्षल म्हणतात, शाळेच्या पुस्तकात युरेनस. आबांनी कुठल्याशा मासिकातल्या नकाशावरून तो महिनाभर खपून हुडकला होता. तो कसा दिसतो म्हणाल, तर काही नाही. एक निळसर ठिपका. चमकत नाही, लुकलुकत नाही, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात. आबांना तो भारी आवडला. त्यात गल्लीतल्या एका मुलीचं जमलेलं लग्न मोडलं, कारण मुलाकडच्यांना तिच्या सातव्या घरात हर्षल सापडला. आबा पेटले. त्यांनी पत्रिका बघणाऱ्या गुरुजींना हाताला धरून जिन्यावरून वर आणलं आणि दुर्बिणीला डोळा लावायला बसवलं.

"ह्यो हर्षल. आता सांगा, ह्यानं कुणाचं काय केलंय?"

गुरुजींनी बराच वेळ पाहिलं. मग धोतर सावरत उठले आणि म्हणाले, "आबा, हा तर नुसता ठिपका आहे."

"व्हय. मग ठिपक्यानं लग्न मोडतं का?"

"ते जाऊ दे," गुरुजी म्हणाले, "पण ठिपक्यापायी शेत घालवलेला माणूस मी आज पाहिला."

ही गोष्ट दुसऱ्या दिवशी गावभर झाली. त्या दिवसापासून आबांना रस्त्यात कुणीही भेटलं की विचारायचं, "काय आबा, ठिपका बरा हाय न्हवं?" आबांना शिवीला शिवी देता येत होती, पण या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनाही दिसत होता तो ठिपकाच. रात्री वर बसून ते मला म्हणत, "परभणी, त्याला अंग हाय रं. आपल्या पृथ्वीवानी गरगरीत अंग हाय. पर दावायचं कसं?" त्यात त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि उजव्याला नुकती सुरुवात झाली होती. दाखवायचं तर राहू द्या, त्यांना स्वतःला तरी एकदा बघून घ्यायचं होतं की आपण ज्याच्यापायी हसं करून घेतलं त्याला अंग आहे.

आणि मग ती चार ओळींची बातमी आली. निवडणुकीचे दिवस, मार्च महिना. पेपरभर सभा आणि भाषणं, आणि आतल्या पानावर, तेलाच्या जाहिरातीखाली, चार ओळी: शुक्रवारी रात्री दोननंतर युरेनस हा ग्रह एका अंधुक ताऱ्यापुढून जाणार असून काही मिनिटे तो तारा झाकला जाईल, आपल्या देशातून हे दृश्य दिसू शकेल. आबा पेपर घेऊन माझ्या बाजेशी आले. मी दिवसाचा झोपलेला. त्यांनी मला हलवून उठवलं आणि स्वतः बाजेच्या काठावर बसून समजावून सांगितलं.

"आसं बग. रातीची बैलगाडी रस्त्यानं चाललीया. लांब कुणाच्या तरी वस्तीवर कंदील हाय. गाडी म्होरनं जाती तवा कंदील घटकाभर झाकतो. झाकतो का न्हाई?"

"झाकतो."

"का झाकतो? गाडीला अंग हाय म्हून. नुसता ठिपका आसता तर कंदील झाकला आसता का?" मग पेपरावर बोट आपटून म्हणाले, "तारा इझला की झालं. अंग हाय."

इतका आनंदी माणूस मी कंपनीत बोनसच्या दिवशीही पाहिला नव्हता.

आता तो शुक्रवार. माझा जो संताप आजही शमलेला नाही तो या शुक्रवारावर आहे. बातमी वाचून झाल्यावर चुलीपुढून काकी म्हणाल्या, "रेडिओवाल्यांची तारीख रातीच्या बाराला बदलती म्हनं. मग शुक्करवारचं दोन म्हंजे ती बेस्तरवारची रात न्हवं का?"

आबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू त्यांनी दिवा लावला. "रातीच्या मधी वार बदलतो व्हय? वार सूर्य उगवल्याबिगर बदलत न्हाई. माणूस झोपल्याला आसताना त्याचा वार बदलायचा म्हंजे चोरी झाली." मग माझ्याकडे वळून, "तुज्या कंपनीत काय करत्यात रं? शुक्करवारी रातीला तिसऱ्या पाळीला गेलास, तर रातीच्या दोन वाजता हजेरी कुठली?"

"शुक्रवारची," मी म्हटलं. "शनिवारी सकाळी सुटलो तरी हजेरी शुक्रवारचीच लागते."

"झालं तर. पंचांग तेच म्हणतंय, कंपनी तेच म्हणती. पेपरवाला काय येगळ्या गावचा हाय?"

पंचांगाशी जन्माचं वैर असलेला माणूस त्या दिवशी पंचांगाच्या बाजूने साक्ष देत होता, आणि धुरापायी ज्या कंपनीला शिव्या दिल्या तिचा मस्टर पुरावा म्हणून मांडत होता. काकींनी भाकरी उलटली, एवढंच.

बुधवारी मी दुसऱ्या शिफ्टहून मध्यरात्री परत आलो तर आबा जिन्यात वाट बघत उभे. मला वर नेलं, दुर्बिणीला लावलं. निळसर ठिपका, आणि त्याच्या डाव्या हाताला, अगदी जवळ, धुळीच्या कणाएवढा एक तारा. "त्यो कंदील," आबा कानाशी म्हणाले. "आन् ही आपली गाडी. निघालीया." मग त्यांनी एक निर्णय जाहीर केला. कुस्तीच्या आदल्या दिवशी पैलवान मेहनत करत नाही, अंग राखतो. तसा गुरुवारी ते डोळा राखणार होते. आठवडाभर जागून उजव्या डोळ्यातून पाणी येत होतंच. त्यांनी दुर्बिणीवर काकींची जाड गोधडी पांघरली, सुतळीने आवळली, आणि मला बजावलं, "परवापत्तुर ह्याला कुणी हात लावायचा न्हाई. तू बी न्हाई."

गुरुवारी आमच्या भागात कंपन्यांना सुट्टी. वीज पुरत नाही म्हणून मंडळाने वार वाटून दिले होते आणि आमच्या वाट्याला गुरुवार आला होता. सगळी यंत्रं बंद, भट्ट्या थंड. त्यात त्या रात्री वसाहतीची सगळीच लाइन बंद ठेवलेली, यार्डातले दिवेसुद्धा. आबा सांजेलाच जेवले, दोन्ही डोळ्यांवर दुधात भिजवलेल्या कापसाच्या घड्या ठेवून घेतल्या आणि झोपून गेले. मला झोप येईना. शिफ्टच्या माणसाला सुट्टीच्या रात्री झोप लागत नाही. शरीर मशीन शोधत राहतं. शेवटी खिशात फुटाणे भरून मी स्लॅबवर गेलो. दोनचा सुमार असेल.

तसा अंधार मी चिंचवडला कधी पाहिला नव्हता. सवत विझलेली. धुराडी नुसती काळी उभी. भोंगा नाही, पत्र्याचा आवाज नाही, लांब कुठेतरी पवनेच्या बाजूला एक टिटवी. आणि आभाळ इतकं खाली आलेलं की परभणीची आठवण येऊन मला जरा गलबलून आलं. मी गोधडीतल्या दुर्बिणीला टेकून बसलो आणि फुटाणे खाऊ लागलो. मनात आलं, उद्या असाच अंधार मिळायला हवा होता, आबांचं किती चांगलं झालं असतं. पाय लांब केला तो पायडलला लागला आणि कुर्र झालं.

खालून लगेच आबांचा आवाज आला, झोपेतला. "कोण हात लावतंय रं?"

"कुणी नाही आबा. मी बसलोय."

"बस. पर हात लावू नगंस."

मी पाय आवरून घेतला. फुटाणे संपले तसा खाली आलो.

शुक्रवारी सगळं पुन्हा चालू झालं. भट्ट्या पेटल्या, दिवे लागले, सवत लागली. माझी तिसरी शिफ्ट त्या रात्रीपासून लागत होती. मी जन्मात खाडा केलेला नव्हता. टेम्पररी माणसाचा खाडा म्हणजे सुपरवायझरच्या हातात आयती कुऱ्हाड. पण आबांना एकट्याला वर सोडून मी फाटकातून आत जाऊ शकलो नसतो. मी खाडा केला. आबांनी वॉचमनला काकींच्या हातच्या पुरणपोळ्या पोचवल्या होत्या आणि दिवा पाव तास बंद ठेवायचं त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं. रात्री दोनला त्याने कुंपणातून खाकरून खूण केली आणि सवत विझली. आबांनी गोधडी सोडली. मुंडासं काढून ठेवलं, देवळात काढतात तसं. स्टुलावर बसले, उजवा डोळा लावला, पाय पायडलवर गेला. कुर्र-कुर्र-कुर्र. मी मागे उभा.

आणि पायडल थांबलं.

डोळा न काढता आबा म्हणाले, "परभणी, तू बग."

मी पाहिलं. निळसर ठिपका होता. धुळीच्या कणाएवढा ताराही होता. पण तो आता उजव्या हाताला होता.

"हा दुसरा तारा आहे का, आबा?"

"त्योच."

"तो तर डावीकडे होता."

"गाडी गेली रं म्होरं," आबा म्हणाले. "आपुन झोपल्यालो."

कुंपणापलीकडून वॉचमन दबक्या आवाजात विचारत होता, "आबा, झालं का? दिवा लावू? सायेब आला तर माजी पोळी लई महाग पडंल."

"लाव," आबा म्हणाले.

दिवा लागला. त्या पांढऱ्या उजेडात आबांचं बोडकं डोकं मी पहिल्यांदा पाहिलं. केस पार पिकले होते.

दुसऱ्या दिवशी आबा रागावले नाहीत, आणि याचाच मला जास्त राग आला. म्हणून त्यांच्या वाटणीचाही मीच रागावलो आणि अजून रागावलेलोच आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, की ज्या भाषेत तुम्ही पेपर छापता त्या भाषेतली रात्र कधी सुरू होते आणि कधी संपते हे एकदा आपल्या आईला विचारून घ्यावं. 'गुरुवारी रात्री, उजाडायच्या आधी' असं लिहायला शाई किती जास्त लागली असती? तेलाची जाहिरात बोटभर कमी केली असती तरी भागलं असतं. आम्ही काय बारा वाजता उठून वार बदलणारी माणसं आहोत? आमच्याकडे मेलेल्या माणसाची तिथी धरतात, जन्मलेल्या पोराचा वार धरतात, पाळीची हजेरी धरतात, सगळं त्या त्या रात्रीच्या मालकीचं. आणि यांची रात्र म्हणे मधोमध चिरलेली, कलिंगडासारखी. सुपरवायझरने खाड्याबद्दल जे ऐकवायचं ते ऐकवलं आणि मी मान खाली घालून ऐकून घेतलं. पण तो पेपरवाला समोर असता तर मान खाली घातली नसती. गावाला तर नवीनच खेळणं मिळालं. "आबा, शुक्करवार गावला का?" असं लोक विचारू लागले. गुरुजींनी मात्र एकदाही विचारलं नाही, हे त्यांच्या बाजूने लिहून ठेवतो.

पुढे बऱ्याच दिवसांनी, निवडणुकीचा धुरळा बसल्यावर, पेपरात पुन्हा एक बातमी आली, आणि ती मीच आबांना वाचून दाखवली, कारण तोवर त्यांना बारीक अक्षर लागेनासं झालं होतं. त्या रात्री मोठमोठ्या दुर्बिणींतून बघणाऱ्यांना असं दिसलं, की तारा ग्रहाआड जायच्या आधीच मधूनमधून लुकलुकला आणि ग्रहाआडून बाहेर आल्यावरही तसाच पुन्हा लुकलुकला. म्हणजे त्या ग्रहाभोवती कडी आहेत. शनीला आहेत तशी, पण बारीक. आजवर कुणाला ठाऊक नव्हती.

आबांनी मला पुन्हा वाचायला लावलं. मग भिंग हातात फिरवत बसले. मला वाटलं, आता रडतात. ते म्हणाले, "म्हंजे नुसतं अंग न्हाई. अंगावर कडी बी हायती."

"होय, आबा."

"आन् त्या टायमाला तू वर व्हतास."

"होतो. पण आबा, दुर्बीण गोधडीत होती. मी फुटाणे खात होतो."

"डोळं तर उगडं व्हतं न्हवं? आमचं दुधात व्हतं."

तेव्हापासून आबांनी सगळ्या गावाला सांगायला सुरुवात केली, की त्या रात्री आमचं परभणी वर होतं, पार दुर्बिणीला टेकून. कुणी 'ठिपका बरा हाय न्हवं' विचारलं की उत्तर तयार, "ठिपका तुज्या घरी. आमच्याला कडी हायती. इचार परभणीला." आणि लोक खरंच मला विचारत. वॉचमन विचारी, चहावाला विचारी. मी काय सांगणार? मी म्हणायचो, लई अंधार होता. एवढं खरं होतं आणि एवढं पुरत असे. ज्या गावात तीन दारांना माझं आडनाव चालत नव्हतं, त्या गावात मी आबांचा साक्षीदार झालो.

त्या नळकांड्यातून तो कण ग्रहाशेजारी विझताना दिसला असता का, हे मी आजवर कुणा जाणत्या माणसाला विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

मी कायम झालो, लग्न झालं, निगडीला प्राधिकरणात दोन खोल्यांत राहायला गेलो. दर गुरुवारी आबांकडे जायचो. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं, उजव्याचं त्यांनी करू दिलं नाही. दिवे आता कितीही लागले तरी त्यांचं काही जात नव्हतं, आणि तरी दिव्यांवरचा राग तसाच. वर जाऊन बसत, दुर्बीण गोधडीतच, आणि मला म्हणत, "सांग." मी सांगायचो. सवत विझली होती, धुराडी काळी होती, टिटवी ओरडत होती. "मग?" मग मी फुटाणे खाल्ले. "मग?" मग पायडल वाजलं, तुम्ही विचारलंत कोण हात लावतंय. "मग?" मी म्हटलं कुणी नाही आबा, मी बसलोय. एवढं झालं की ते मान हलवत. त्या वेळेला तारा आत होता की बाहेर, यावर मात्र आमचं कधी एकमत झालं नाही. ते म्हणत आत, मी म्हणे निघाला असेल बाहेर. "आत," ते म्हणत. "तवाच तर मला जाग आली."

आबा गेल्याला आता बरीच वर्षं झाली. दक्षिणेच्या अंगाला मोठी शेड उभी राहिली. स्लॅबवरून त्या बाजूचं आभाळ दिसत नाही. काकींनी दुर्बीण गोधडीसकट माळ्यावर ठेवली, फडक्यातलं मशीनचं डोकं काढलं, पुसलं, आणि पुन्हा त्याच स्टँडवर बसवलं. मी गेलो की त्या काहीतरी शिवत असतात, बहुतेक माझ्याच पोरांचं. पायडलला मी किती वेळा तेल घातलं, ते कुरकुरायचं थांबत नाही. परवाच्या गुरुवारी मी दारात जरा टेकलो होतो, डोळा लागला होता, आणि आतून कुर्र झालं. मी अर्धवट झोपेतच म्हणालो, "कुणी नाही आबा. मी बसलोय."

काकींनी पाय थांबवला. मग म्हणाल्या, "बस," आणि पुन्हा शिवायला लागल्या.